गोळ्या वजनावर मोजल्या की...

तुळजापूरच्या एमडी (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) प्रकरणानंतर गावाकडच्या वादात दोनच सूर ऐकू येतात: ‘फासावर लटकवा’ नाहीतर ‘पोर्तुगालसारखं खुलं करा’. इथे लिस्बनमध्ये राहून दुसरा ऐकला की हसू येतं. इथे काहीच खुलं नाही. 1 जुलै 2001 पासून स्वतःपुरता दहा दिवसांचा माल (हेरॉइन 1 ग्रॅम, कोकेन 2, गांजा 25) जवळ सापडला तर फौजदारी गुन्हा होत नाही, एवढंच. माल जप्त होतोच, विकणारा तुरुंगात जातोच. घेणाऱ्याला 72 तासांत तिघांच्या आयोगापुढे जावं लागतं. हौशी की व्यसनी, हे तिथे बघतात आणि उपचाराची वाटही तिथूनच लावून देतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं 2021 मध्ये अशीच सूट दिली, पण नेमकं हेच गाळलं: हातात 100 डॉलरच्या दंडाची पावती आणि हेल्पलाइनचा नंबर. फोन फार थोड्यांनी केले. सप्टेंबर 2024 पासून तिथे पुन्हा गुन्हा.

आपली गोम वजनकाट्यात आहे. संभाजीनगरात नशेच्या गोळीला ‘बटन’ म्हणतात. अशा गोळ्यांपैकी अल्प्राझोलम घ्या. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, तिचं अल्प प्रमाण (त्याखाली शिक्षा सौम्य) 5 ग्रॅम, व्यावसायिक (त्यावर शिक्षा कडक) 100 ग्रॅम. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत निव्वळ औषध मोजलं तर 5 ग्रॅम म्हणजे 10,000 गोळ्या. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या हिरा सिंग निकालानं गोळीतल्या बाकीच्या भुकटीसकट सगळं वजन धरायचं ठरलं. गोळी 100 मिलिग्रॅमची असेल तर 50 गोळ्यांत अल्प प्रमाण संपलं, हजाराच्या वर गेल्या की कलम 37 लागून जामीन जवळपास बंद. गांजाला मात्र 1 किलोपर्यंत अल्प! अर्थात तुरीच्या आडोशाला झाडं लावली तर किलोचा प्रश्नच नाही, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

आयोगासारखं दार आपल्याकडेही आहे, कलम 64 अ. अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल तर खटला नाही. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते. पण हे त्याला सांगायचं कुणी? पंचनाम्याच्या वेळीच कागदावर लिहून द्यावं, एवढी माझी मागणी.

वेश्याव्यवसायाबाबतही ‘गुन्हा नको’ असं म्हणतात, पण ते म्हणणंच अर्धवट. 1956 च्या पिटा (अनैतिक व्यापार प्रतिबंधक) कायद्यात एकटीनं, आडजागी केलेला धंदा मुळात गुन्हा नाही. दोघींनी मिळून खोली घेतली की कुंटणखाना. न्यूझीलंडमध्ये 2003 पासून चौघींपर्यंत परवाना लागत नाही. शिवाय कलम 4: आईच्या या कमाईवर नांदेडला शिकणारा 19 वर्षांचा मुलगा कागदावर आरोपी ठरू शकतो. आधी कायद्यातली ही दोन वाक्यं खोडा: कुंटणखान्याची व्याख्या आणि कलम 4.