'नवीन आलाय' म्हणजे नक्की काय आलंय ओ?

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरका.

मामांना मोबाईल घ्यायचा होता म्हणून त्यांना घेऊन एम.जी. रोडला गेले होते. मामा निफाडकडचे, द्राक्षं आणि कांदा. त्यांना फोन लागतो तो लासलगावचे भाव बघायला, ई-पीक पाहणीचे फोटो टाकायला, बँकेचं बघायला आणि रात्री कीर्तन ऐकत झोपायला. जुना फोन अगदी धडधाकट आहे हो, काचेला चरा नाही, बॅटरी दिवसभर जाते, मागचं कव्हर तेवढं पिवळं पडलंय. पण बँकेचं ॲप आता म्हणतं की तुमच्या फोनचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, यावर चालणार नाही. झालं. फोन बाद. मामा मला विचारतात, "अगं, पण बिघडलंय काय त्यात?" काय सांगणार?

दुकानातल्या पोराने लगेच एक डबा पुढे केला. "काका हा घ्या, परवाच लाँच झालाय. तुमचा जुना विसरा, मॉडेलचा नंबर बघा ना कुठल्या कुठे गेलाय." मामांचे डोळे चमकले. मी विचारलं, सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार? "येत राहतात ना ताई, वायफायला लावला की आपोआप येतात." म्हटलं, पण कधीपर्यंत? पोराने मालकाकडे बघितलं, मालकाने गल्ल्याकडे बघितलं.

मग मीच काउंटरवरचा डेमो पीस उचलला. सेटिंग, अबाउट फोन, अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट. तारीख गेल्या दिवाळीच्या आसपासची. परवा लाँच झालेल्या फोनमध्ये! डबा उलटासुलटा करून बघितला. एमआरपी आहे, कुठल्या महिन्यात बनवला ते आहे, सारची म्हणजे रेडिएशनची व्हॅल्यू आहे, आयएमईआय म्हणजे फोनच्या ओळख नंबरचे दोन दोन स्टिकर आहेत, चार्जर आहे की नाही ते आहे. हा फोन कधीपर्यंत सांभाळणार, ती एक ओळ कुठेच नाही.

आता तुम्ही सगळे माझ्यासारखेच घरातले फुकटचे मोबाईल सल्लागार आहात, त्यामुळे हे मी पुराव्यानिशी पटवत बसणार नाही. पंधरा हजारांच्या आतल्या फोनमध्ये सगळ्यात स्वस्त पार्ट म्हणजे त्याचं नाव. तेच बदलणं सोपं, म्हणून तेच सारखं बदलतात. अपडेट द्यायला माणसं बसवावी लागतात, टेस्टिंग करावं लागतं, त्याला पैसे पडतात. नावाला स्टिकर पुरतो.

आठवतंय का, शाओमीचा रेडमी नोट ७ प्रो आला फेब्रुवारी २०१९ ला. ऑक्टोबरमध्ये नोट ८ प्रो. मार्च २०२० मध्ये नोट ९ प्रो. जेमतेम वर्षभरात तीन 'प्रो'. फ्लॅश सेलमध्ये धडपडून सात नंबरवाला मिळवलेला माणूस दिवाळीलाच जुनाट ठरला. आणि याच्यापेक्षा भारी म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये नोट १० लाइट नावाचा एक फोन आला, तो म्हणजे दीड वर्षापूर्वीचा नोट ९ प्रो. तोच. म्हणजे नऊ होता तेव्हा तो 'प्रो' होता आणि दहा झाल्यावर 'लाइट' झाला, प्रमोशन आणि डिमोशन एकाच दिवशी! २०२२ च्या ऑगस्टमध्ये नोट ११ एसई आला, तो आदल्या वर्षीचा नोट १० एस. एकट्या शाओमीला बोलायचं नाहीये मला, सगळ्यांचंच हे चाललंय. सॅमसंगमध्ये एम वेगळा, एफ वेगळा, एक ॲमेझॉनला आणि एक फ्लिपकार्टला, आत उघडून बघितलं तर सख्खे भाऊ. रिअलमी तर तीनवरून थेट पाचवर गेली, कारण चीनमध्ये चार आकडा अशुभ. तो बिचारा ग्राहक समजतो तंत्रज्ञान दोन पायऱ्या वर गेलं.

आणि मामांना यात मूर्ख समजू नका हां कोणी. मला खरं तर सगळ्यात जास्त राग याचा आला की पोराने त्यांना 'काकांना काय कळतंय' अशा सुरात समजावलं. या माणसाने ट्रॅक्टर घेताना एजन्सीवाल्याला घाम फोडला होता. एचपी किती, डिझेल किती पितो, पार्ट निफाडला मिळतो की नाशिकला पळावं लागतं. तिथे वर्षानुवर्षं महिंद्राचं तेच ५७५ चालतं आणि लोक तेच नाव बघून घेतात, कारण ते नाव म्हणजे काय हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे नंबरला अर्थ असतो म्हणून ते फोनच्या नंबरलाही मान देतात. विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा हा असा फायदा घ्यायचा?

(पाणी पिऊन आले.)

एक गोष्ट मला हल्ली फार आठवते. किटकॅट, लॉलीपॉप, मार्शमॅलो, नूगा, ही अँड्रॉइडच्या एकेका नव्या आवृत्तीची नावं. तेव्हा आम्ही हसायचो या नावांना. पण कॉलेजच्या कँटीनमध्ये ज्याला रॅम म्हणजे काय माहीत नाही तो पण विचारायचा, "तुला लॉलीपॉप आलं का रे?" न आलेल्याला लाज वाटायची आणि तो कंपनीला शिव्या घालायचा. म्हणजे अपडेट ही लोकांच्या तोंडातली गोष्ट होती. २०१९ ला अँड्रॉइड १० पासून गूगलने ती गोड नावं जाहिरातीतून काढून टाकली, आणि आता फोनवर कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचं नाव मोठ्ठं, त्याचा नंबर वेगळा, खालच्या अँड्रॉइडचा नंबर वेगळा. माझ्या चुलतभावाला मध्यंतरी शाओमीचं हायपरओएस आलं म्हणून त्याने स्टेटस टाकलं. म्हटलं, बाळा, खाली अँड्रॉइड बघ. तेच होतं, आधीचं. वरचा फळा रंगवलाय फक्त.

आणि २०१४ चं अँड्रॉइड वन, गूगलची ती स्वस्त फोनांची योजना? मायक्रोमॅक्स, कार्बन, स्पाइस, सहा हजार तीनशे नव्याण्णव रुपयांपासून, आणि अपडेट गूगलच्या देखरेखीखाली. तिन्ही फोन भारी होते असं नाही, स्टोरेज चार जीबी, दोन ॲप टाकली की रडायला लागायचे. पण साडेसहा हजारांच्या फोनलाही अपडेटचा हक्क आहे हे कोणीतरी तेव्हा मोठ्याने म्हणालं होतं. पुढे २०१७ ला त्यातलाच शाओमीचा एमआय ए वन आला, तो आमच्या ऑफिसात अर्ध्या जणांकडे होता. मग सगळं हळूहळू विरलं.

बरं, मान्य. कंपन्यांना या फोनमध्ये फारसं सुटत नाही, शाओमीने तर २०१८ ला जाहीरच केलं होतं की हार्डवेअरवर पाच टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. चिप बनवणारा जुन्या चिपला हात लावणं बंद करतो तेव्हा पुढचं अँड्रॉइड बसवणं अवघड होतं, तेही खरं. आणि अर्ध्या लोकांना अपडेट नकोच असतं, केलं की फोन स्लो होतो नाहीतर स्क्रीनवर हिरवी रेघ येते म्हणतात, ती भीतीही अगदीच हवेतली नाही. पण म्हणून काय सांगायचंच नाही? दोन वर्षं देणार असाल तर दोन लिहा ना डब्यावर. मामा ठरवतील त्यांना दोन वर्षांचा घ्यायचा का पाच.

त्यात अजून एक मेख आहे. ही वर्षं बहुतेक वेळा मॉडेल लाँच झालं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. म्हणजे 'ऑफर आहे काका, तीन हजार कमी' म्हणून दीड वर्ष जुनं मॉडेल गळ्यात मारलं की त्यातली दीड वर्षं आधीच उडालेली. मामांच्या जुन्या फोनचं हेच झालं होतं. दिवाळी ऑफरमध्ये घेतला, घेतला तेव्हाच अर्धा म्हातारा होता. युरोपात २० जून २०२५ पासून नियम केलाय, बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलचा शेवटचा पीस विकला गेला तिथून पुढे किमान पाच वर्षं अपडेट. शेवटच्या पीसपासून! किती साधी गोष्ट आहे. आपल्याकडे सरकारने रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करणं किती सोपं ते दाखवणाऱ्या गुणांसाठी, समिती नेमली, मे २०२५ मध्ये अहवाल आला, त्यात सॉफ्टवेअर अपडेटचा पण मुद्दा आहे. दुकानातल्या डब्यावर कधी उतरतो बघू.

सगळंच वाईट नाही, तेही लिहिते नाहीतर लगेच याल भांडायला. सॅमसंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ए१६ फाइव्ह जी आणला तेव्हा सहा नव्या अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षं सिक्युरिटी अपडेट असं चक्क सांगितलं. एकोणीस हजारांच्या आसपासच्या फोनला! म्हणजे जमतं. ठरवलं तर जमतं. फक्त आपण कॅमेरा किती मेगापिक्सेल विचारतो आणि ते तेवढंच सांगतात. यूट्यूबवर अनबॉक्सिंग करणारे भाऊ पण वीस मिनिटं मागच्या कव्हरच्या रंगावर बोलतात, अपडेटवर अर्धं वाक्य, तेही 'कंपनीने प्रॉमिस केलं आहे' असं पळत पळत.

२०२१ ला राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते ते आठवत असेल. दोन जीबी रॅमचे फोन, तापायचे, अडकायचे, आणि काम मात्र सगळं त्यावरच करायचं. तेव्हा काही लोक म्हणाले यांना फोन वापरता येत नाही. येत होता. फोनलाच काम झेपत नव्हतं.

मामांनी शेवटी काही घेतलं नाही. "तू नीट बघून सांग, घाई नाही" म्हणाले आणि मिसळ खायला घेऊन गेले मला, बिलही त्यांनीच दिलं. दुकानदाराला वाटलं असेल गिऱ्हाईक चिकट आहे. असू दे.

तर एक करा. घरात आई-बाबा, सासू-सासरे, कामाला येणाऱ्या ताई, ज्यांचा कोणाचा स्वस्तातला फोन असेल तो घ्या, सेटिंगमध्ये अबाउट फोनला जा, सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा आणि कमेंटमध्ये टाका. मॉडेलचं नाव नको. नुसती तारीख. आणि 'आयफोन घ्या' असं लिहिणाऱ्यांनी आधी मामांचं कांद्याचं बिल मिळवून द्या, मग बोलू.