बेचाळीस चेहरे आणि एक दोरी

नाशिकच्या अशोकस्तंभाजवळ चहाच्या टपरीसमोर आमचा कट्टा रोज साडेसातच्या सुमारास भरतो. परवा भरला तो तिसऱ्या चहापर्यंत उठलाच नाही. कारण नित्याच्या मोबाइलवरची दोन चित्रं.

नित्या ढोल पथकात वाजवतो. पथकाने यंदा पहिल्यांदाच स्टुडिओत जाऊन सात तुकडे रेकॉर्ड केलेत. गणपतीच्या आधी ते गाण्यांच्या अ‍ॅप्सवर चढवायचेत आणि त्यासाठी एक चौकोनी कव्हर लागतं. पहिलं चित्र पथकातल्याच एका पोराने केलेलं: भगव्या ज्वाळा, मागे काळारामाचं शिखर, पुढे गोदाघाट, मधोमध ढोल, ढोलातून वीज निघालेली, आणि खाली गोल चौकटींत पथकातल्या बेचाळीस जणांचे चेहरे. दुसरं आमच्या कट्ट्यावरच्या सोन्या नावाच्या मित्राने केलेलं. अख्खं काळं, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पथकाचं नाव. बाकी काही नाही.

"हे पहिलं बॅनर आहे, कव्हर नाही," सोन्या म्हणाला. तो दिवसभर जाहिरातींचं डिझाइन करतो, त्यामुळे त्याला असल्या चित्राचा त्रासच होतो.

"आणि तुझं काय आहे? लाइट गेल्यावरचा फोटो?" नित्या तापला. "बेचाळीस पोरं तीन महिने घाम गाळतायत भो. त्यातला एक तरी दिसतोय का इथं?"

बापू पेंटर मधे पडले. फ्लेक्स यायच्या आधी शहरातल्या दुकानांच्या पाट्या आणि थिएटरचे बोर्ड रंगवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. "सायकलवरून जाणारा माणूस वाचत नाही, बघतो," ते म्हणाले. "चेहरा लागतोच. मी हिरोचं डोकं सहा फूट रंगवायचो, नाव खाली दीड फुटात."

"मग कुत्र्याचं काय, बापू?" मी विचारलं. एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचा तो कुत्रा बापूंनीही दुकानांवर रंगवलाय. संगीताच्या जाहिरातींत त्याच्याइतकं ओळखीचं चित्र दुसरं नसेल, आणि त्यात गाणारा कुठेच नाही. आहे तो ऐकणारा. फ्रान्सिस बॅरोने ते चित्र काढलं तेव्हा निपर, म्हणजे तो कुत्रा, मेणाच्या नळकांडीवर वाजणाऱ्या फोनोग्राफपुढे बसलेला होता. १८९९मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेतलं ते एका अटीवर, की त्या यंत्राच्या जागी आमचा ग्रामोफोन रंगवून दे. त्याने जुन्या यंत्रावरच नवं रंगवलं. आपल्याकडे लोक दुकानात जाऊन 'कुत्रा छाप' म्हणूनच रेकॉर्ड मागायचे. मान वाकडी करून, कान टवकारून बसलेलं ते जनावर बघितलं की आतून आवाज येतोय यावर विश्वास बसतो. एवढं काम एका मानेने केलंय.

बापूंना हे पटलं, पण पूर्ण नाही. "कुत्र्याचाही चेहराच आहे की," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोन्याने मग मुळापासून सुरुवात केली. रेकॉर्डच्या अल्बमला चित्राचं कव्हर असतं ही कल्पनाच १९४०पर्यंत फारशी नव्हती. जाड तपकिरी किंवा करडा पुठ्ठा, त्यावर नाव. धंद्यातले लोक त्याला थडग्याचा दगडच म्हणायचे. कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा विशीतला पोरगा लागला आणि त्याने मालकांना गळ घातली की मला चित्र काढू द्या. पहिलं कव्हर त्याने कसं केलं? न्यूयॉर्कमधल्या एका नाट्यगृहाबाहेरच्या दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं उतरवली, तिथे अल्बमचं नाव लावून घेतलं आणि फोटो काढला.

"म्हणजे पहिलं कव्हर पाटीच होती!" बापू उठून उभेच राहिले. "ऐकलं का नित्या? पाटी!"

इथवर अण्णा नुसते ऐकत होते. अण्णा नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेत. १९२५पासूनची ती प्रेस, टपालाची तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट असलं छापणारी. अण्णांचं सगळं आयुष्य बारीक छपाईत गेलं. आतलं ते कधीच काही बोलत नाहीत, पण कागद आणि शाई हा विषय निघाला की थांबतही नाहीत.

"मोबाइलवर हे केवढं दिसणार?" त्यांनी विचारलं.

सोन्याने अ‍ॅपमधली गाण्यांची यादी उघडली. प्रत्येक गाण्याशेजारी एक इवलासा चौकोन. अण्णांनी खिशातली पट्टी काढली. पट्टी त्यांच्या खिशात अजून असते. मोजलं. जेमतेम एक सेंटिमीटर.

"एलपीचं, म्हणजे जुन्या मोठ्या रेकॉर्डचं कव्हर बारा इंच. म्हणजे तीस सेंटिमीटर. तीस गुणिले तीस. नऊशे पट जागा गेली तुमची. आता या एका सेंटिमीटरमध्ये बेचाळीस चेहरे. सात आडवे, सहा उभे. एकेक दीड मिलिमीटर. मोहरीच्या दाण्यावर डोळे-नाक काढणार का तुम्ही?"

नित्या गप्प झाला. अण्णा पुढे बोलत राहिले, आणि मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं ते हेच. लोक म्हणतात की मोबाइलने कव्हर मारलं, एवढ्याशा जागेत काय डिझाइन करणार. अण्णांचं म्हणणं, टपालाचं तिकीट दीडशे-पावणेदोनशे वर्षं त्याहून थोड्याच मोठ्या जागेत काम करतंय. टपाल खात्याने २०१४मध्ये आठ संगीतकारांची तिकिटं काढली. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हंगल त्यात आहेत. आठही जण एका तिकिटात नाही कोंबले. एकाला एक. "तिकिटाचं पहिलं काम ठरवायचं असतं की काय काढायचं नाही. जागा लहान झाली की चित्र लहान करायचं नसतं, चित्रातल्या गोष्टी कमी करायच्या असतात."

"मी तेच केलं ना," सोन्या म्हणाला. "सगळं काढलं."

"तू सगळंच काढलंस. काहीतरी ठेवायचं पण असतं."

सोन्याने मग जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचं नाव काढलं. १९७९चं 'अननोन प्लेझर्स' हे त्यांचं कव्हर: काळ्यावर पांढऱ्या रेघांचे डोंगर, वर ना बँडचं नाव, ना अल्बमचं. त्या रेघा म्हणजे आकाशातल्या एका पल्सारचे, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्याचे, स्पंद, एकाखाली एक मांडलेले. खगोलशास्त्राच्या एका कोशात ती आकृती पांढऱ्यावर काळी होती. डिझायनर पीटर सॅव्हिलने ती उलटी केली. आता ती बँड न ऐकलेल्या पोरांच्या टी-शर्टवरही असते.

"पण ते दुकानात होतं," बापू म्हणाले. "गिऱ्हाईक हातात घेणार, उलटं करणार, मागे वाचणार. इथं मागे काही आहे का? अंगठा सरकला की संपलं." मला हा मुद्दा सोन्याच्या उदाहरणापेक्षा जड वाटला. सॅव्हिलच्या रेघाही उगीच काढलेल्या नव्हत्या, त्या ठोक्याच्या रेघा होत्या. कोरं काळं आणि ठोका असलेलं काळं यात फरक आहे.

ठोक्यावरून सोन्याला दुसरं काही आठवलं. मोबाइलवर त्याने झुरिकच्या टोनहाले सभागृहातल्या बेथोव्हेनच्या कार्यक्रमाचं १९५५चं पोस्टर दाखवलं. जोसेफ म्युलर-ब्रोकमनचं. बेथोव्हेनचं विस्कटलेल्या केसांचं डोकं त्यात नाही, व्हायोलिन नाही. नुसत्या काळ्या जाड कमानी, एका केंद्राभोवती फिरणाऱ्या. पातळ, मग तिच्या दुप्पट, मग तिच्या दुप्पट. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस.

नित्याने मोबाइल ओढून घेतला. "अरे ही दुगुण-चौगुण आहे!" त्याने बाकड्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. ठाय, दुगुण, चौगुण, आठपट. बेथोव्हेन त्याने बहुतेक आयुष्यात ऐकलेला नाही, पण ते कागदावरचं त्याच्या बोटांना कळलं. हे बघून मला जे झालं ते मी लपवणार नाही. स्वित्झर्लंडमधल्या एका माणसाने सत्तर वर्षांपूर्वी काढलेल्या कमानी अशोकस्तंभाच्या बाकड्यावर वाजल्या.

तेव्हा मी सोन्याला एक साधी गोष्ट विचारली. "तू यांच्या तालमीला गेलास का?"

गेला नव्हता. पहिलं चित्र करणारा पोरगा रोज तालमीत असूनही त्याने तालीम काढली नाही, बाजारात तयार मिळणाऱ्या ज्वाळा काढल्या. सोन्याने तर ऐकलंच नाही. ब्लू नोट कंपनीची जॅझची कव्हरं करणारा रीड माइल्स स्वतः जॅझचा फारसा शौकीन नव्हता. पण कंपनीचा आल्फ्रेड लायन त्याला प्रत्येक रेकॉर्डचा बाज समजावून सांगायचा, फ्रान्सिस वुल्फने रेकॉर्डिंगच्या वेळी काढलेले फोटो समोर असायचे, आणि मग माइल्स तो फोटो कापायचा, त्यावर एखादा रंग चढवायचा, अक्षरं नाचवायचा. अण्णांनी लगेच जोडलं, की दोनच शाया असल्या तर खर्चही वाचतो. गरिबीनेही चांगलं डिझाइन होतं. खरं आहे, पण मला महत्त्वाचा वाटतो तो सांगणारा माणूस. कुणीतरी आवाज समजावून सांगायला हवा.

"मग सांग," अण्णा नित्याला म्हणाले. "तुमचा ढोल कसा आहे?"

नित्या जरा घुटमळला, मग बोलायला लागला. श्रावणात हवेत ओल असते. चामड्याचं पान सैल पडतं, ढोल 'बसतो'. मग दोघं समोरासमोर बसून दोरी ओढतात. एक पाय ढोलाला लावतो, दुसरा दोरी आवळतो. हाताला घट्टे पडतात. मधे मधे टिपरू मारून बघायचं, परत ओढायचं. "लोकांना वाटतं आवाज चामड्याचा आहे. आवाज दोरीचा आहे भो. दोरी ताणलेली नसली तर तो नुसता डबा."

अण्णांनी पट्टी खाली ठेवली. बापूंनी सिगारेटच्या पाकिटाचा आतला कागद काढला आणि पेनने एका दमात ढोलाच्या अंगावरची दोरी काढली. वर-खाली, वर-खाली, करवतीच्या दात्यांसारखी. आजूबाजूला काही नाही. ढोलाचा आकारसुद्धा नाही. कागदाच्या एका कडेतून शिरलेली आणि दुसऱ्या कडेतून गेलेली नुसती दोरी.

सोन्याने तिथेच फोटो काढला, उलटा केला, काळ्यावर पांढरी दोरी. एक सेंटिमीटर केला. दिसत होती. ढोलाजवळ कधी उभा राहिलेला माणूस ओळखेल, न राहिलेला विचारेल. आयपॉडच्या जाहिराती आठवल्या मला, २००३च्या. भडक रंगापुढे नाचणाऱ्या काळ्या सावल्या आणि त्यांच्यावर लखलखीत पांढरा फक्त आयपॉड आणि त्याच्या इअरफोनची वायर. तिथेही चेहरा काढून टाकला होता आणि दोरीच ठेवली होती.

मला वाटलं झालं. पण नित्याचा चेहरा उतरलेलाच होता.

"चित्र भारी आहे," तो म्हणाला. "पण पोरांना काय सांगू? नावं कुठे जाणार?"

इतका वेळ आम्ही त्याला हौशी समजत होतो, चेहरे मिरवायचेत म्हणून भांडतोय असं. तसं नव्हतं. माझ्या घरी वडिलांच्या एलपी आहेत. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर कोण, हे मी त्या कव्हरांच्या पाठीवरून शिकलो. गाणारा समोर, साथीदार मागे, पण छापलेला. कॅसेट आली तेव्हा पाठ आकसली, तरी डबीतल्या इनलेच्या कागदाच्या घडीत नावं दाटीवाटीने बसायची. अ‍ॅपवरच्या चौकोनाला पाठच नाही. नावं कुठल्यातरी मेनूच्या आत, तीनदा बोट लावल्यावर, तीही कुणी भरली असली तर. बेचाळीस गोल चौकटी म्हणजे त्या गेलेल्या पाठीची भरपाई होती. कुरूप होती, पण मागणी रास्त होती.

यावर कुणाकडेच काही नव्हतं. टपरीवाल्याने ग्लास उचलायला सुरुवात केली.

मग मला जुनी गायिका गौहरजान आठवली. १९०२मध्ये कलकत्त्यात तिची पहिली रेकॉर्डिंग झाली तेव्हा गाणं संपल्यावर ती इंग्रजीत खणखणीत सांगायची, "माय नेम इज गौहरजान." कारण तबकड्या तयार व्हायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना भाषा कळत नव्हती. लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते तबकडीतच ऐकू यावं लागायचं. छापायच्या आधी नाव आवाजात होतं.

"शेवटचा तुकडा किती मिनिटांचा आहे?" मी नित्याला विचारलं.

"सहा."

"त्याच्या शेवटी ढोल थांबवा. आणि एकेकाने आपलं नाव सांगा."

नित्या बोटं मोजायला लागला. बेचाळीस नावं, प्रत्येकी दोन सेकंद, म्हणजे दीड मिनिटाच्या आत. सोन्या म्हणाला की स्टुडिओचं आणखी अर्ध्या दिवसाचं भाडं पडेल. बापू म्हणाले मी देतो दोनशे. नित्या तोवर फोनवर होता, पथकातल्या कुणाला तरी विचारत होता, "आडनावासकट सांगायचं का नुसतं नाव?" आणि पलीकडून काय उत्तर आलं ते ट्रॅफिकमध्ये आम्हाला ऐकू आलं नाही.