बावन्नाव्या वर्षी ‘सापडलेली’ नटी? सापडायला ती हरवली कुठे होती

सध्या एक मोटिवेशनल पोस्ट सगळीकडे फिरतेय, जेन हाउडीशेल नावाच्या अमेरिकन रंगभूमीवरच्या नटीबद्दल. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं की बाईने तीसेक वर्षं आडगावातल्या थिएटरांत धक्के खाल्ले, मग ऑफ-ब्रॉडवेच्या (न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक थिएटरं म्हणजे ब्रॉडवे, त्यांहून लहान ती ऑफ-ब्रॉडवे) छोट्यामोठ्या प्रयोगांत दिवस काढले, कुणी विचारत नव्हतं, आणि बावन्नाव्या वर्षी ब्रॉडवेने तिला शोधून काढलं, रातोरात आयुष्य पालटलं, म्हणून तुम्हीही हार मानू नका. हार मानू नका हे ठीकच, त्याला माझी ना नाही. पण वय सोडलं तर पोस्टमधलं जवळपास सगळं उलटंपालटं आहे. वय तेवढं बरोबर, १९५३ चा जन्म, कॅन्ससमधल्या टोपीकाचा, आणि ब्रॉडवेवर पहिलं काम २००६ साली.

आता एकेक वाक्य घेऊ.

“आडगावातली थिएटरं.” लिहिणाऱ्याने ‘रीजनल थिएटर’ हे शब्द वाचले आणि डोळ्यासमोर पत्र्याची शेड आणली असं दिसतंय. रीजनल म्हणजे न्यूयॉर्कच्या बाहेरचं, एवढंच. वॉशिंग्टनचं अरीना स्टेज, मिनिआपोलिसचं गथ्री, शिकागोचं गुडमन आणि स्टेपनवूल्फ, ही सगळी रीजनलच. स्वतःची इमारत, स्वतःचा सेट आणि कपडे बनवणारा वर्कशॉप, अख्ख्या सीझनची तिकिटं एकदम घेणारे सबस्क्रायबर, असा तो कारभार असतो. गथ्रीच्या मोठ्या थिएटरात अकराशेच्या आसपास सीट्स आहेत, ब्रॉडवेवरचं हेज थिएटर सहाशेलाही जरा कमीच भरतं, मग आडगाव कुठलं ते तुम्हीच ठरवा. ही चळवळच मुळात न्यूयॉर्कवरून फिरत येणाऱ्या शिळ्या नाटकांना कंटाळून उभी राहिली. डॅलसला दिग्दर्शिका मार्गो जोन्सने १९४७ मध्ये सुरुवात केली, अरीना स्टेज १९५० चं, गथ्री १९६३ चं. आणि गथ्रीच्या पहिल्याच सीझनला जेसिका टँडी होती, जी तोवर ब्रॉडवेची मोठी स्टार होऊन चुकली होती. म्हणजे तिकडे जाणं ही काही शिक्षा नव्हती.

गंमत म्हणजे या थिएटरांची बरीचशी ऑडिशन न्यूयॉर्कमध्येच होते. त्यामुळे नट राहतो न्यूयॉर्कला, भाडं भरतो न्यूयॉर्कचं आणि काम करतो भलत्याच राज्यात. तीन-चार आठवडे तालीम, महिना-सव्वा महिना प्रयोग, राहायची सोय थिएटरकडून, मग बॅग भरायची आणि पुढचं शहर. हाउडीशेलने हे वर्षानुवर्षं केलं. दमवणारं आहेच, पण अशा रूटीनमध्ये एका वर्षात शेक्सपिअर, चेकॉव्ह, एखादं फार्स आणि एखादं कोरं नवीन नाटक एवढं सगळं अंगावरून जाऊ शकतं, आणि ब्रॉडवेवर नाटक हिट झालं तर तीच एक भूमिका आठवड्याला आठ वेळा, दोन-दोन वर्षं. मला विचाराल तर नट घडतो तो पहिल्या प्रकारात. तर याला ‘धक्के खाणं’ म्हणायचं असेल तर म्हणा, मी करिअर म्हणेन.

“ऑफ-ब्रॉडवेच्या छोट्यामोठ्या प्रयोगांत.” इथे आपल्याकडच्या वाचकाचा हमखास गोंधळ होतो, कारण आपण लगेच छबिलदास आठवतो, पदरचे पैसे घालून केलेलं प्रायोगिक नाटक. ते नव्हे. ऑफ-ब्रॉडवे हा मुख्यतः सीट्सचा हिशेब आहे, शंभर ते चारशे नव्व्याण्णव, आणि पाचशेच्या वर गेलं की ब्रॉडवे. नट युनियनच्या करारावर, पगारी. शंभराच्या खालचं ते ऑफ-ऑफ-ब्रॉडवे, छबिलदासशी तुलना करायचीच तर तिथे करा. थिएटर ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर आहे की नाही याचाही संबंध नाही, न्यूयॉर्कमधल्या लिंकन सेंटरच्या एकाच इमारतीत वरचं व्हिव्हियन बोमाँट ब्रॉडवे आणि खालचं मिट्झी न्यूहाउस ऑफ-ब्रॉडवे. आणि या ‘छोट्या’ प्रकारातून काय काय आलं ते बघा, पुढे ब्रॉडवेवर गाजलेलं म्युझिकल ‘अ कोरस लाइन’ १९७५ मध्ये आधी न्यूयॉर्कच्या ‘पब्लिक थिएटर’ या ऑफ-ब्रॉडवे संस्थेत झालं, ‘हॅमिल्टन’ २०१५ मध्ये तिथेच. ‘द फँटॅस्टिक्स’ तर जेमतेम दीडशे सीट्सच्या थिएटरात १९६० पासून २००२ पर्यंत चाललं, ब्रॉडवेला गेलंच नाही, कशाला जाईल.

“ब्रॉडवेने तिला शोधून काढलं.” हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. झालं होतं असं की लिसा क्रॉनने स्वतःच्या आजारी आईवर ‘वेल’ नावाचं नाटक लिहिलं, त्यात आई स्टेजवर खुर्चीत पसरून बसलेली आणि मुलगी प्रेक्षकांना सांगतेय की हे माझ्या आईबद्दल नाहीये बरं का, आणि आई अधूनमधून तोंड घालून मुलीचं नाटक हळूहळू ताब्यात घेते. ती आई म्हणजे हाउडीशेल. प्रयोग २००४ मध्ये पब्लिक थिएटरला, ऑफ-ब्रॉडवे. त्या भूमिकेसाठी तिला ओबी मिळालं, जे ऑफ-ब्रॉडवेचं मानाचं अवॉर्ड आहे. मग हेच नाटक सॅन फ्रान्सिस्कोला झालं, म्हणजे पुन्हा रीजनल, आणि त्यानंतर २००६ मध्ये लाँगएकर थिएटरला ब्रॉडवेवर. दोन वर्षं दुसऱ्यांनी घासूनपुसून तयार केलेली भूमिका ब्रॉडवेने आयती घेतली आणि पोस्टमध्ये शोधाचं श्रेय ब्रॉडवेला! हे नवीनही नाही, अरीना स्टेजने १९६७ मध्ये ‘द ग्रेट व्हाइट होप’ हे नाटक उभं केलं, पुढच्या वर्षी ते ब्रॉडवेला गेलं, त्यातल्या जेम्स अर्ल जोन्स आणि जेन अलेक्झांडर दोघांना टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यात मानाचं अवॉर्ड, मिळाले, आणि अरीनाला नफ्यातला वाटा मिळाला नाही.

“रातोरात आयुष्य पालटलं.” ‘वेल’ ब्रॉडवेवर ३० मार्चला उघडलं आणि १४ मेला बंद पडलं. दीड महिना. टोनीचं नॉमिनेशन मिळालं हे खरं, पण त्यानंतर बाई गेली कुठे, तर बहुतेक वेळा परत ऑफ-ब्रॉडवेलाच, प्लेराइट्स होरायझन्स, मॅनहॅटन थिएटर क्लब, लिंकन सेंटरचं ते खालचं थिएटर. २००९ मध्ये ‘कॉरलाइन’ म्युझिकलमध्ये तिने नऊ वर्षांच्या मुलीचं काम केलं, स्वतः पंचावन्न वर्षांची असताना, लहान मुलीसारखा मेकअप वगैरे भानगड न करता. असलं काही करायला ब्रॉडवेचा निर्माता पैसे घालेल का? मला नाही वाटत. मग २०११ ला ‘फॉलीज’, ब्रॉडवेवर, आणि त्यात तिच्या वाट्याला गाणं आलं ‘ब्रॉडवे बेबी’, ब्रॉडवेच्या शोमध्ये नंबर लागावा म्हणून वाट बघणाऱ्या पोरीचं गाणं, म्हाताऱ्या नटीच्या तोंडी. पोस्टवाल्याला हे कळलं असतं तर त्याने तेच वर छापलं असतं.

टोनी मिळाला तो २०१६ मध्ये, ‘द ह्यूमन्स’साठी. हेही नाटक शिकागोला पहिल्यांदा झालं, मग २०१५ मध्ये न्यूयॉर्कला राउंडअबाउटच्या ऑफ-ब्रॉडवे थिएटरात, तिथून हाउडीशेल त्यात आली, आणि मग ब्रॉडवे. परत तोच रस्ता. टोनी फक्त ब्रॉडवेच्या कामालाच मिळतो (१९५६ मध्ये लोटे लेन्याला ऑफ-ब्रॉडवेच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’साठी मिळाला होता, तो अपवाद), म्हणून नेटवर नटीचं आयुष्य टोनीपासून सुरू होतं, आधीची सगळी वर्षं आपोआप ‘स्ट्रगल’ होऊन जातात.

कॅथलीन चॅलफंट या आणखी एका नटीचं उदाहरण तर या पोस्टच्या साच्यात बसणारच नाही. १९९३ ला ती ‘एंजल्स इन अमेरिका’मध्ये ब्रॉडवेवर होती, टोनी नॉमिनेशनसकट. पण लोक तिला ओळखतात ते ‘विट’मुळे, कॅन्सरने मरणाऱ्या इंग्रजीच्या प्रोफेसरची भूमिका, त्यासाठी तिने डोकं भादरलं होतं. नाटक कॅलिफोर्नियातल्या साउथ कोस्ट रेपर्टरीला १९९५ मध्ये झालं, चॅलफंटने ते १९९७ मध्ये न्यू हेवनच्या लाँग वॉर्फला केलं, १९९८ मध्ये न्यूयॉर्कला ऑफ-ब्रॉडवे, १९९९ मध्ये नाटकाला पुलित्झर. ब्रॉडवेवर ते आलं २०१२ मध्ये, दुसऱ्या नटीला घेऊन. म्हणजे ब्रॉडवे आधी, आणि आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं काम नंतर, ऑफ-ब्रॉडवेला. आता हिला कुणी आणि कधी शोधलं म्हणायचं?

एक गोष्ट मात्र पोस्टने लिहायला हवी होती आणि लिहिलीच नाही, ती म्हणजे पैसा. ऑफ-ब्रॉडवेचा पगार ब्रॉडवेच्या मानाने फारच कमी, न्यूयॉर्कचं भाडं तेवढंच, आणि वर्षात ठराविक आठवडे युनियनचं काम नाही भरलं तर हेल्थ इन्शुरन्स जातो. म्हणून तर ही मंडळी मधेमधे टीव्हीवर वकील नाहीतर जज नाहीतर कुणाची तरी आई होऊन दोन सीन करून येतात. खरा त्रास तो आहे, ‘कुणी ओळखत नव्हतं’ हा नाही. तिचं काम ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी, ‘द ह्यूमन्स’चा २०२१ मध्ये सिनेमा झालाय, नाटककार स्टीफन कॅरमनेच केलेला, बाकी सगळे नट बदलले पण आईच्या भूमिकेत हाउडीशेलच आहे, पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी तो बघा.