कोयनेचे छोटे धक्के मोठा भूकंप टाळत नाहीत

कोयनेला हादरा बसला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो: ‘घाबरू नका, छोट्या धक्क्यांनी जमिनीतला ताण मोकळा होतो, त्यामुळे मोठा भूकंप येणार नाही. हे धक्के फक्त धरणामुळे बसतात. आणि भ्रंशात (खडक तुटून सरकतो त्या जमिनीखालच्या भेगेत) तीन किलोमीटर भोक पाडून सरकार नसता धोका ओढवून घेतंय.’ लोक चांगल्या हेतूनेच तो पुढे पाठवतात. तरी त्यातलं एकही विधान टिकत नाही, आणि पहिलं तर जिवावर बेतणारं आहे.

ताण मोकळा होतो, पण किती? तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे 32 पट होते. म्हणजे 1967 च्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला 4 तीव्रतेचे जवळपास 2,800 धक्के लागतील. 5 तीव्रतेचे धरले तरी 90 च्या आसपास. आणि त्या तीव्रतेचे किंवा त्याहून मोठे धक्के कोयना-वारणा पट्ट्यात इतक्या दशकांत मिळून वीस-बावीसच झाले आहेत.

आकडेमोड राहू द्या, घडलेलंच बघा. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला तेव्हापासून, 1962 पासून, छोटे हादरे सुरू होते. 13 सप्टेंबर 1967 ला 5 च्या वरचा धक्का बसला. मेसेजच्या हिशेबाने त्यानंतर सगळं शांत व्हायला हवं होतं. 11 डिसेंबरला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी, माणसं गाढ झोपेत असताना, कोयनानगर कोसळलं. सुमारे 180 जण गेले, आणि धरणाच्या काँक्रीटलाही भेगा पडल्या. किल्लारीतही 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाच्या आदल्या वर्षी धक्के बसले होतेच.

धरणाचा हात आहे, हे कुणी नाकारत नाही. 1985 नंतर वारणेचा जलाशय भरला तसे धक्के दक्षिणेकडेही वाढले. पण पाणी ताण तयार करत नाही. भारतीय भूखंड उत्तरेकडे रेटला जातोय, त्याचा ताण खडकात आधीच साठलेला असतो. भेगांतून झिरपलेल्या पाण्याचा दाब भ्रंशाच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल करतो, एवढंच. उद्या जलाशय रिकामा केला तरी तो ताण कुठेही जाणार नाही.

राहिलं भोक. 2017 मध्ये कोयना भागातल्या गोठणे गावाजवळ 3 किलोमीटर खोल विंधन झालं. वरचा सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट, खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. बहुतेक भूकंप त्याहूनही खाली होतात. 1960 च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरजवळ धक्के बसले ते विहिरीत दाबाने प्रचंड सांडपाणी कोंबल्यामुळे. इथे खडकाचं तापमान, ताण आणि पाण्याचा दाब मोजायचा आहे. भ्रंश सरकण्याआधी आत काय बदलतं, हे जमिनीवर बसून कळत नाही.

मला राग येतो तो या मेसेजमुळे घरं मजबूत करायचं काम टळतं याचा. दगड-मातीची जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, आत मात्र दोन सुटे थर असतात. हादऱ्यात ते फाकतात आणि छप्पर खाली येतं. दोन्ही थर सांधणारे आरपार दगड, कोपऱ्यांची पक्की बांधणी आणि दारा-खिडक्यांच्या वर घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा असेल तर तीच भिंत तग धरू शकते. पाटण तालुक्यात तुमचं जुनं घर असेल तर या उन्हाळ्यात जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला बोलावून ते तपासून घ्या.