रिकाम्या सीटचे पैसे कोण भरणार?

२०२१ चं नवीन वर्ष लागल्यापासून आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो फिरतोय. फ्लोरिडात ऑरलँडोला डिस्नी वर्ल्ड आहे, तिथल्या मॅजिक किंगडम पार्कमधला तो किल्ला, समोर मास्क लावलेली गर्दी, आणि खाली कुणीतरी लिहिलंय, "अमेरिकेत कोरोनाने एवढी माणसं मरतायत तरी डिस्नी जुलैपासून चालू. आमच्या पर्यटकांच्या बोटी मात्र डिसेंबर उजाडेपर्यंत किनाऱ्यावर. आता परवानगी दिली तर म्हणे अंतर ठेवा. कशाला अंतर? भरा बोटी!" त्याखाली अंगठ्यांची रांग. आणि मालवणजवळच्या देवबागच्या आमच्या दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, मला टॅग करून विचारलंय, "गो, तू थंयच रवतस मां? सांग मगे ह्यांका."

सांगते दादा. ग्रुपवर चार ओळीत मावत नाही म्हणून इथे लिहितेय, आणि हो, रागातच लिहितेय.

आधी हे बघा की "डिस्नी उघडली" म्हणजे कुठली? जगात सहा ठिकाणी आहे. आज जानेवारी २०२१ संपत आलाय आणि त्यातली शांघाय, टोकियो आणि आमची फ्लोरिडाची एवढ्या तीनच चालू आहेत. कॅलिफोर्नियातली, म्हणजे १९५५ ची मूळ डिस्नीलँड, गेल्या मार्चमध्ये बंद झाली ती अजून बंदच आहे, १७ जुलैला उघडणार म्हणून तारीखसुद्धा जाहीर झाली होती ती पुढे गेली, आणि आता तिच्या पार्किंगमध्ये लस द्यायचं केंद्र चालू झालंय. पॅरिसची जुलैत उघडली आणि ऑक्टोबर संपताना परत बंद. हाँगकाँगची जूनमध्ये उघडून महिनाभरात बंद, सप्टेंबरमध्ये चालू, डिसेंबरमध्ये पुन्हा बंद. सहातल्या तीन बंद आहेत हा फोटो कोणी फिरवत नाही.

फ्लोरिडाची उघडली ती ११ जुलैला. १२ जुलैला फ्लोरिडाने एका दिवसात १५,००० च्या वर नवे पेशंट जाहीर केले, तोपर्यंत अमेरिकेतल्या कुठल्याच राज्यात एका दिवसात एवढे झाले नव्हते. म्हणजे आजार गेला म्हणून कोणी दार उघडलं नाही. इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, राज्य चालतं ते बरंचसं विक्रीकरावर, आणि त्यात पाहुण्यांचाही मोठा वाटा असतो. पाहुणा आला नाही तर पगार नाही, हे मालवणच्या माणसाला मी काय वेगळं सांगणार. पण ज्या पद्धतीने उघडलं ती पद्धत मात्र तुम्ही कोणी बघत नाही, फक्त फोटो बघता.

माझं काम रांगांचं आहे. इथल्या एका पार्कमध्ये कुठल्या राईडवर तासाला किती माणसं बसतात, रांग कुठे तुंबते, कुठे वळवायची हे बघणाऱ्या टीममध्ये मी आहे. तर हिशोब असा असतो. समजा गाडीत २० सीट आहेत आणि दर मिनिटाला एक गाडी सुटते, म्हणजे तासाला १,२०० माणसं. एक ओळ सोडून एक बसवायची म्हटली की झाले ६००. बरं तेवढ्यावर भागत नाही, चार जणांच्या ओळीत नवराबायको दोघंच आली तर उरलेल्या दोन सीटवर अनोळखी माणूस घालता येत नाही, एरवी तिथे आम्ही एकटं आलेलं माणूस बसवतो, ती एकट्यांची रांगच बंद. मग ६०० चे ४०० होतात. त्यात मधे मधे गाडी थांबवून पुसायची, तो वेळ वेगळा.

रांगेचं तर विचारूच नका. ६ फूट अंतर म्हणजे नुसतं पुढच्या माणसापासून नाही, नागमोडी रांगेत शेजारच्या ओळीतला माणूसही हातभरावर असतो, त्याच्यापासूनही. एकतर मधली ओळ रिकामी सोडा नाहीतर मधे प्लेक्सिग्लासचा पारदर्शक पडदा लावा. जिथे ६०० माणसं उभी राहायची तिथे १५० म्हणजे डोक्यावरून पाणी, आणि रांग बाहेर रस्त्यावर येऊन शेजारच्या राईडच्या दारात जाते.

लोकांना वाटतं परेड बंद, आतषबाजी बंद, शो बंद, संपला गर्दीचा प्रश्न. उलट आहे. परेड लागली की हजारो माणसं अर्धा पाऊण तास रांगांच्या बाहेर राहतात, शोच्या हॉलमध्ये बसलेली माणसंही रांगेत नसतात. ते सगळं बंद केलं की तीच माणसं राईडच्या रांगेत येऊन उभी राहतात. म्हणून शेवटी एकच उपाय उरतो, दारातूनच कमी माणसं आत घ्यायची. डिस्नी वर्ल्डने आधी २५ टक्के घेतली, नोव्हेंबरमध्ये ३५ टक्के केल्याचं सांगितलं. शांघायने मे महिन्यात उघडताना ३० टक्क्यांच्याही खाली ठेवली होती. तिकीट असलं तरी त्या दिवसाचं रिझर्वेशन लागतं, दारात ताप बघतात, दोन वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना मास्क, आणि खायचं तर एका जागी थांबून, हातात आईस्क्रीम घेऊन चालत फिरायचं नाही. जपानमध्ये फुजी-क्यू हायलँड पार्कवाल्यांनी तर रोलरकोस्टरवर किंचाळू नका, मनातल्या मनात किंचाळा असं सांगितलं, त्यांच्या मोठ्या साहेबांनी स्वतः गप्प बसून राईड घेतल्याचा व्हिडिओ काढला. तुम्ही यावर हसलात. मी नाही हसले, कारण लाळ उडणं थांबवायचा बिनखर्चाचा उपाय तोच आहे.

आणि इथली माणसं ऐकतात हो. खुणेवर उभं राहा म्हटलं की बहुतेक उभी राहतात. पब्लिक्स या इथल्या सुपरमार्केटमध्ये रांगेत मागचा माणूस पाठीला चिकटला असं मला अजून झालेलं नाही. मालवणच्या जेट्टीवर किल्ल्याच्या होडीसाठी आपण कसे उभे राहतो ते आठवा, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून पलीकडच्याशी गप्पा. मला त्या गर्दीची आठवण येते, इथल्या खुणांवर उभं राहून राहून तर जास्तच येते, पण या वर्षी ती गर्दी परवडणारी नाही.

आता मुद्द्याचं. अर्ध्याहून जास्त सीट रिकाम्या सोडून राईड चालवायची, तर माणसं तेवढीच लागतात, वीज तेवढीच, दुरुस्ती तेवढीच, वर पुसायला जास्तीची माणसं. मग रिकाम्या सीटचे पैसे कोण भरतं? जगातली सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक असूनही डिस्नीने सप्टेंबरच्या शेवटी जाहीर केलं की अमेरिकेतली २८,००० माणसं कमी करणार, त्यात दोन तृतीयांश पार्ट टाइम. पुढे तो आकडा ३२,००० वर गेला. म्हणजे रिकाम्या सीटचे पैसे भरले ते सीटवर पट्टा लावून देणाऱ्या माणसांनी. माझ्या बिल्डिंगमधल्या तीन घरांत तरी पार्कमधला किंवा हॉटेलातला पगार गेला, आणि फ्लोरिडाचा बेकारभत्ता आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर, आय-फोर हायवेच्या अलीकडे त्यात घरभाडंही निघत नाही. तुमच्या फोटोत या माणसांची फुकट धान्य देणाऱ्या फूड बँकेबाहेरची गाड्यांची रांग नाही.

तर मग दादाची बोट. आपला सीझन ऑक्टोबर ते मे, त्यातही खरा पैसा दिवाळी, ख्रिसमस आणि मे महिन्याचा. २०२० मध्ये मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागलं, एप्रिल मे गेले. जून ते ऑगस्ट समुद्रच बंद. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत परवानगी नाही, म्हणजे दिवाळीपण गेली. वर श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडे ३ जूनला निसर्ग वादळाने माणसांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, त्यांचं तर घरगुती राहण्या-जेवणाचं गिऱ्हाईकही गेलं आणि बागही गेली. बोटीच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला उभाच. अशा माणसाला सांगायचं की अंतर ठेवून बोट चालव. डिझेल अर्धं लागतं का? बोटीवरच्या दोन पोरांना अर्धा पगार चालतो का? सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, देशातला पहिला, भाषणात दरवेळी ऐकतो आपण. पर्यटन बंद पडलं तेव्हा दादाच्या हातात काय पडलं? काही नाही.

म्हणून ३१ डिसेंबरला मुंबई-पुण्यात महापालिका हद्दीत रात्रीची संचारबंदी होती आणि सगळ्या गाड्या तारकर्ली-देवबागकडे वळल्या, तेव्हा बोटी भरल्या. बनाना राईडवर, म्हणजे बोटीमागे ओढतात त्या हवेच्या लांब तराफ्यावर, एकामागे एक चिकटून बसलेली माणसं, मास्क खिशात, पुतणीने व्हिडिओ पाठवला. मी दादाला दोष देत नाही. मी दोष देते तो नियम लिहिणाऱ्याला, ज्याने रिकाम्या सीटचा हिशोब न करता नियम लिहिला, आणि ग्रुपवर "भरा बोटी" म्हणून टाळ्या घेणाऱ्यांना, ज्यांची स्वतःची बोट नाही.

हे लिहिलं की उत्तर ठरलेलं, "तुका थंय बसान काय कळतला?"

ठीक आहे, हे पण बोलू. ऑगस्टमध्ये याच ग्रुपवर मुंबईहून गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांवरून भांडण झालं होतं. १२ ऑगस्टच्या आत या, १० दिवस क्वारंटाईन व्हा, नंतर आलात तर टेस्ट करून या, ई-पास काढा, आणि २२ ला गणपती. ज्यांचे आईबाप त्या घरात आहेत, ज्यांच्या मनीऑर्डरीवर निम्मी घरं उभी राहिली, त्यांना गावातल्या शाळेत झोपायला लावलं. मी तेव्हा गावाच्या बाजूने होते आणि आजही आहे, गावात म्हातारी माणसं, जवळ हॉस्पिटल नाही, गावाने घाबरायलाच हवं होतं. पण कुणीतरी लिहिलं, "मुंबयकार नको, पुण्याचे नको, फॉरेनचे तर नकोच नको", आणि त्यालाही अंगठे आले होते. त्यातले काही अंगठे आज "भरा बोटी"च्या खाली आहेत. चार महिन्यांत हे कसं झालं? पैसे देऊन एका रात्रीसाठी येणारा चालतो आणि आरतीला येणारा चालत नाही?

आमच्या घराला कुलूप आहे. गणपती दादाच्या घरी बसला, मी व्हिडिओ कॉलवर आरती बघितली, इथे तेव्हा सकाळ पण झाली नव्हती. यायचं म्हटलं असतं तरी आले असते का? नेहमीची विमानं बंद होती हे एक, आणि दुसरं हे की जूनमध्ये अमेरिकेने आमच्यासारख्या नोकरीच्या व्हिसावाल्यांना नव्याने आत यायला बंदीचा जो हुकूम काढला त्यानंतर इथून बाहेर पडलेल्याला परत आत घेतील याची खात्री नव्हती, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मारणं बंद, कॉन्सुलेटची नेहमीची कामं बंद. नोकरी गेली असती तर ६० दिवसांत निघा, हे वेगळंच. म्हणजे गावाच्या यादीत मी फॉरेनची आणि इथल्या यादीत मी बाहेरची. दोन्हीकडे मी पाहुण्यांच्याच खात्यात, आणि पाहुण्यांची संख्या किती टक्के ठेवायची हे ठरवायचं माझं काम. रात्री हे डोक्यात आलं की झोप येत नाही, खरं सांगते.

म्हणूनच मला "डिस्नी बघा" म्हणणाऱ्यांचा एवढा राग येतो. डिस्नीचं बघण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे दिवसाला किती माणसं हे आधी ठरवणं. ते देवबागला जमेल. राहण्याच्या खोल्या मोजलेल्या आहेत, रस्ता एकच आहे, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, माणूस दुसरीकडून घुसणारच नाही. असं दार डिस्नीला लाखो डॉलर घालून बांधावं लागतं. एका दिवसाला अमुक माणसं, त्यांचं बुकिंग सगळ्या बोटींचं मिळून एकत्र, सकाळी सातपासून वेळा वाटून, बोटी नंबराने सोडायच्या, एका बोटीत एकच कुटुंब.

आणि पैसे? मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढतो तेव्हा आपण काय करतो? दोर कुणाच्या हातात किती वेळ होता हे न बघता मासळीचे वाटे पडतात, ओढायला आलेल्या प्रत्येकाचा वाटा, जाळ्याचा वाटा वेगळा. दिवसाच्या सगळ्या बुकिंगचे पैसे एकत्र, डिझेल काढून वाटे, बोटीचा एक आणि पोरांचा एक. ज्याची बोट त्या दिवशी कमी भरली तो मरणार नाही, आणि मग त्याला कोंबून भरायचं कारण राहणार नाही. हे डिस्नीला करता येणार नाही, त्यांना २८,००० माणसं काढताना असे वाटे सुचले नाहीत. आपल्याला पिढ्यान् पिढ्या येतंय.

दादाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "रापणीचे वाटे घालतंव तसे पर्यटकांचे घालूचे? कोण आयकतलो, गो?" मोठ्या चार बोटवाल्यांचं नाव घेतलं, ज्यांचं ऑनलाईन बुकिंग आधीच फुल आहे, ते कशाला वाटून घेतील. बरोबर आहे त्याचं. त्यांना पटवायचं काम ग्रामपंचायतीला आणि तुम्हालाच करावं लागेल, मी इथून करू शकत नाही. पण त्यांनाही सांगा की हाँगकाँगसारखं दोनदा उघडून दोनदा बंद झालं तर मोठ्या बोटीचा हप्ता मोठा असतो.

आता पेशंट कमी होतायत म्हणून सगळे खूश आहेत. मे महिन्याचं बुकिंग मार्चमध्ये सुरू होईल, त्याआधी ठरवायला हवं. दादा, देवबाग-तारकर्लीच्या बोटींची यादी पाठव, कुणाची किती सीट, एका फेरीला डिझेल किती, पोरांना काय देतात, फेरीला किती मिनिटं. दिवसाला किती माणसं घेतली तर वाट्याला किती येतात ते मी काढून देते. रविवारपर्यंत पाठव, सोमवारी मला सुट्टी आहे.