हवा चांगलीच आहे, तुमचं नाक बिघडलंय

खोकला येतोय? थांबा, लगेच खोकू नका, आधी मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघा. आकडा 51 ते 100 असला तर सरकारी भाषेत त्या हवेला 'समाधानकारक' म्हणतात, म्हणजे तुमचं समाधान झालेलं आहे, फक्त तुम्हाला ते कळलं नाहीये. पीएम 2.5, म्हणजे हवेतली अगदी बारीक धूळ, दिवसाला घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमपर्यंत गेली तरी आपल्याकडे चालतं. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 15 म्हणतेय, पण त्यांचं काय जातंय बोलायला, त्यांना थोडंच आमच्यासारखं रत्नागिरीतल्या संगमेश्वरात मुंबई-गोवा हायवेला लागून राहायचंय.

कोणी जास्तच शहाणपणा करायला लागला तर सांगायचं, 2019 ला सुरू झालेल्या केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत महाराष्ट्रातली 19 शहरं आहेत, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एक तरी आहे का? नाही ना? मग विषय संपला, यादीत नाव नाही त्याला धूळ लागत नाही.

आणि माणसं मरतात वगैरे म्हणाला तर थेट जावडेकर काढायचे. डिसेंबर 2019, तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर संसदेत म्हणाले की प्रदूषणाने आयुष्य कमी होतं असं भारतीय अभ्यासात दिसलेलं नाही. आता त्याच्या वर्षभर आधी आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, ज्यात होती अशा एका अभ्यासात हवेच्या प्रदूषणाने देशात 2017 साली 12.4 लाख मृत्यू आणि सरासरी 1.7 वर्षं आयुष्य कमी असं छापून आलेलं, पण आयसीएमआर सरकारचीच, तेव्हा घरातल्या घरात कशाला वाद घालायचा.

आमची आई मात्र सुधारत नाही. 2011 पासून हायवेचं काम चाललंय, आणि ती दर मे महिन्यात अंगणात पत्र्यावर आमसुलं सुकत घालते, वर जुनी साडी, चार कोपऱ्यांना चार चिरे. संध्याकाळी साडी झटकली की तांबडा ढग उठतो नि पडवीत बसलेले बाबा शिंका देत आत जातात. मी म्हटलं आई, मोबाईलवर 'समाधानकारक' दाखवतंय. ती म्हणाली, मग ती साडी तू धू.

मागे एक साहेब दौऱ्यावर यायचे होते तेव्हा आदल्या रात्री टँकर येऊन रस्ता कसा मस्त भिजवून गेला, गाड्या गेल्या, फोटो झाले, दुपारी परत सगळं कोरडं. तेव्हा फोटो काढायचा तर सकाळीच काढा.

बाकी आमसुलं चांगली झालीयत, मुंबईचे पाहुणे दोन-दोन किलो घेऊन गेले, म्हणतात गावच्या आमसुलाला कशी मातीची चव असते.