हीथवरची 'विषारी जोडी' आणि फुकटचा फवारा

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय: "सावधान! इंग्लंडच्या हीथवर शिंगवाल्या विषारी किड्यांची जोडी! तीन शिंगांचा नर, वाकड्या काट्याची मादी. नांगी मारतात, हेदर फस्त करतात. दिसताच चिरडा, स्प्रे मारा." खाली दोन फोटो. (हीथ म्हणजे झुडपांची मोकळी माळजमीन; हेदर म्हणजे तिथलं जांभळ्या फुलांचं झुडूप.) इंग्लंडमधल्या सरे परगण्यात लेकीकडे राहायला आलेल्या आत्याने हे वाचून नातवंडांचं तिथल्या थर्स्ली कॉमन या हीथवर जाणंच बंद केलं, म्हणून लिहावं लागतंय.

पहिला फोटो मिनोटॉर बीटलचा, म्हणजे भुंग्याचा. दुसरा हॉर्न्ड ट्रीहॉपरचा. हा तुडतुड्यांच्या नात्यातला, सोंडेने रस शोषणारा. जीवांचं वर्गीकरण करणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 सालीच 'सिस्टिमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत दोघांना नावं दिली, तीही वेगवेगळ्या गणांत. आता व्हॉट्सॲपने त्यांचं लग्न लावलं! भुंग्याची मादी भुंग्यासारखीच दिसते, तिला फक्त ती लांब शिंगं नसतात. ट्रीहॉपरमध्ये नर-मादी दोघांनाही शिंगं. दोन्ही किड्यांची शिंगं डोक्यावर नसून छातीच्या पहिल्या भागाच्या पाठीवर उगवतात, तेव्हा फोटोत साम्य वाटतं हे मान्य. पण तेवढंच.

नांगी? दोघांनाही नाही.

खरा संताप येतो तो 'चिरडा' वाचून. हा भुंगा सशांच्या, मेंढ्यांच्या लेंड्यांवर जगतो. नर-मादी मिळून वाळूत मीटरभर, कधी त्याहूनही खोल बीळ करतात. ती खाली खणते, तो वरून लेंड्या ओढून आणतो; अळ्यांची सगळी बेगमी तीच. त्याची शिंगं आहेत ती बिळात घुसणाऱ्या दुसऱ्या नराला रेटून बाहेर काढायला, तुमच्या पोरांना टोचायला नव्हेत. उघड्यावरची घाण जमिनीत नेऊन मुरवणाऱ्यावर स्प्रे मारायचा, आणि वर म्हणायचं हीथ वाचवली!

राहिलं हेदर. ते कधीकधी मोठ्या पट्ट्यात तपकिरी पडतं, हे खरं आहे. पण ते काम हेदर बीटलचं: जेमतेम 6 मिलिमीटरचा, बिनशिंगाचा वेगळाच भुंगा, ज्याचा फोटो त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. ट्रीहॉपर ओकवर, काटेरी झुडपांवर बसून थोडा रस पितो.

आत्या, पोरांना जाऊ दे. मिनोटॉर बहुधा रात्रीच बाहेर पडतो. दिवसा वाळूत गोल भोक आणि शेजारी लेंड्या दिसल्या, तर त्यात काडी घालू नका म्हणावं.